चनबसप्पा आणि माझं बिलिरुबिन

आमच्या गल्लीत चनबसप्पांना नमस्कार केला तर ते नमस्कार म्हणत नाहीत. "वर बघा," म्हणतात. आपण बेसावधपणे वर बघतो, तोवर त्यांचा अंगठा आपल्या गालावर आलेला असतो, डोळ्याची खालची पापणी ओढली जाते आणि भर रस्त्यात बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागाची तपासणी सुरू होते. आमच्या उमरग्याला बदलून आलेल्या एका बँक मॅनेजरनं सुरुवातीला यावर पोलिसात जायची भाषा केली होती. आता तो अप्पा लांबून दिसले की आपणहून चष्मा काढून उभा राहतो.

अप्पांचं हायवेला लागून रंगाचं दुकान आहे. घराच्या भिंती, ट्रकच्या पाट्या, देवळांचे कळस, सगळ्यांचे रंग तिथं जुळवून मिळतात. आयुष्य असं शेड जुळवण्यात गेल्यामुळं कावीळ हा त्यांच्या लेखी रोग नव्हताच. तो चुकून लागलेला रंग होता. खिशात कायम शेडकार्ड. ते उलगडून आपल्या डोळ्याशेजारी धरायचे आणि निकाल द्यायचे, "परवा हस्तिदंती हुता. आज लोण्यावर आलाव. जपा."

त्यांच्या दुकानाशेजारी सुनंदाची रक्त तपासायची लॅब आहे. रक्तातलं बिलिरुबिन वाढलं की डोळे पिवळे होतात, आणि ते मोजताना रक्तात एक रसायन घालून उमटलेला रंग किती गडद आहे ते मशीन बघतं, असं तिनं एकदा बोलता बोलता त्यांना सांगितलं. अप्पांनी खिशातलं शेडकार्ड काढून उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाले, "मंजे आमचाच धंदा की." तेव्हापासून ते सुनंदाला गिऱ्हाईक पुरवायला लागले.

त्यांचे अंदाज बहुतेक चुकत. हळद लागलेल्या एका नवरदेवाला त्यांनी कावीळ सांगितली आणि अर्धं वऱ्हाड लॅबपुढं उभं केलं. ती कावीळ साबणानं गेली. पण अख्ख्या गावात एका माणसाच्या बाबतीत त्यांचा अंदाज बरोबर निघाला. तो माणूस मी.

मी विमा एजंट. अप्पा मला 'इमावाले' म्हणतात आणि आमच्या दोघांच्या कामातला फरक समजावून सांगतात, "तुमी मेल्यावरचं बघताव, आमी जित्यापणीचं." त्यांनी माझी पापणी इतक्या वेळा ओढली, की शेवटी कंटाळून मी रक्त दिलं. बिलिरुबिन एकच्या आसपास असायला हवं, माझं दोनच्या वर निघालं. सोबत बी-बारा कमी, ड जीवनसत्त्व तर त्याहून कमी. मी तडक डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टर मात्र रिपोर्ट बघून जांभई दाबत म्हणाले, "काही लोकांचं बिलिरुबिन जन्मापासूनच थोडं जास्त असतं. यकृत ठणठणीत आहे. उपाशी राहू नका, झोप घ्या आणि हे विसरून जा. जीवनसत्त्वाच्या गोळ्या देतो."

मी घरी येऊन हे सांगितलं. बायको म्हणाली, "काही नाही म्हणालेत ना? मग चहा घ्या."

अप्पांना ते पटलं नाही. "डाक्टर काय न्हाय म्हनतेत, मंजे हाय," असं म्हणून त्यांनी मला ताब्यात घेतलं. सोमवारी कडकडीत उपास आणि संध्याकाळी मुळ्याच्या पाल्याचा रस. पुढच्या तपासणीत बिलिरुबिन वाढलेलं. अप्पांनी गुरुवार जोडला. आणखी वाढलं. सुनंदा कळवळून म्हणाली, "काका, उपासानंच वाढायलंय तुमचं. जेवा की." अप्पांनी मला बाजूला नेऊन सांगितलं, "पोरगी भोळी हाय. उपास कमी पडायलेत."

तुम्ही विचाराल, डॉक्टर एक सांगतात, लॅबवाली तेच सांगते, मग तुम्ही रंगवाल्याचं का ऐकलंत? मलाही हा प्रश्न पडतो. खरं सांगायचं तर कुणीतरी माझ्या तब्येतीला इतकं महत्त्व देतंय, याची मला चटक लागली होती. घरी माझ्या सर्दीलाही कुणी विचारत नाही.

ड जीवनसत्त्वासाठी अप्पांनी मला उन्हात बसवायचं ठरवलं. सकाळचं कोवळं ऊन त्यांना भेसळीचं वाटायचं. ऐन चैत्रात, दुपारी, माझ्याच गच्चीवर मी उघडा पालथा आणि शेजारी अप्पा छत्री घेऊन. छत्री स्वतःवर. समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून खाली गेल्या. अप्पा अधूनमधून माझ्या पाठीला शेडकार्ड लावून बघायचे. "अजून गुलाबी हाय. जरा थांबा." विटकरी झाल्यावर त्यांनी मला उठू दिलं. नंतर कितीतरी दिवस मी पालथा झोपलो आणि पॉलिसीच्या गिऱ्हाइकांकडं खुर्चीच्या कडेवर बसलो. पुढं ड जीवनसत्त्व वाढलं. मी श्रेय गोळ्यांना दिलं, अप्पांनी उन्हाला, आणि बायको म्हणाली पाठीची साल गेली ती वेगळीच.

हळूहळू मीही बिघडलो. लोकांकडं विमा सांगायला जायचो आणि माझं बिलिरुबिन सांगून यायचो. आरशासमोर उभं राहून स्वतःच स्वतःची पापणी ओढायला लागलो.

अप्पांची बायको जाऊन बरीच वर्षं झालीत. मुलगा विजय हैदराबादला नोकरी करतो, बायको-मुलीसह तिकडंच असतो. अप्पा सकाळी दुकान उघडायच्या आधी आमच्याकडं चहाला यायचे आणि खिडकीच्या उजेडात माझे डोळे बघायचे. एका सकाळी असंच चाललं होतं. बायकोनं चहा ठेवला आणि तिथंच थांबली.

"अप्पा, ह्यांचं राहू द्या," ती म्हणाली. "तुमचेच डोळे पिवळे दिसायलेत."

"काल पिवळ्या रंगाचा डबा फोडला दुकानात. उडालं आसंल."

"दोन्ही डोळ्यांत सारखं?"

मी वाकून बघितलं. शेडकार्डाची गरज नव्हती. डोळे हळदीत बुडवल्यासारखे होते. बायकोनं विचारलं तेव्हा कळलं, की आठवडाभर त्यांना अन्न नको झालंय, लघवी गडद होतेय, अंग मोडून आलंय. मीही हल्ली नीट जेवत नाही म्हणून आम्ही दोघं त्या आठवड्यात माझ्याच भुकेबद्दल बोलत होतो.

मी त्यांना लॅबमध्ये नेलं. सुनंदानं दंडाला पट्टा बांधला आणि अप्पांनी माझी बाही घट्ट धरली. तोंड भिंतीकडं. गावाला रांगेनं इथं आणणाऱ्या या माणसानं स्वतःचं रक्त आजवर एकदाही दिलेलं नव्हतं.

"झालं का?"

"अजून सुई लावलीच न्हाय, अप्पा," सुनंदा म्हणाली.

त्यांचं बिलिरुबिन नऊच्या वर होतं. यकृताचे बाकीचे आकडेही नको तितके चढलेले. डॉक्टरांनी या वेळी जांभई दिली नाही. दूषित पाण्यातून आलेली कावीळ असावी, उतरेल, पण या वयात आणि पोटात काही राहत नसताना घरी ठेवायला नको, म्हणाले. सलाईन लागलं. खाटेवर पडल्या पडल्या अप्पांनी मला विचारलं, "तुमचं कितीवर हाय आता?"

"माझं सोडा, अप्पा."

"सोडून कसं चालंल. तुमचं जुनं हाय."

मी म्हटलं विजयला फोन करतो. त्यांनी हात आडवा केला. विजय दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा. तो रविवार दवाखान्यातच आला. अप्पांनी मला सांगून खुर्ची खिडकीला पाठ करून ठेवायला लावली, म्हणजे उजेड मागून यावा आणि तोंड अंधारात राहावं. सलाईनचा हात शालीखाली लपवला. तरी भरवसा वाटेना म्हणून माझा मोटारसायकलवरचा काळा गॉगल मागून घेतला.

फोन लागला. "अप्पा, गॉगल कशाला?" विजय हसत म्हणाला.

"ऊन लई हाय इकडं."

मग नात आली. तिनं पडलेल्या दाताची जागा दाखवली. अप्पांनी तिला तो दात कुठं टाकला ते विचारलं, शाळेत डब्यात काय नेते ते विचारलं, तिच्या तोंडून घरच्या कन्नडमधले आकडे म्हणवून घेतले. बोलताना धाप लागली की ते खोकल्याचं निमित्त करून फोन बाजूला धरायचे. फोन बंद झाला तेव्हा गॉगल काढला आणि शालीच्या टोकानं डोळे पुसत बसले.

"सांगायला पाहिजे होतं," मी म्हटलं. "मुलगा आहे तो."

"म्हनूनच न्हाय सांगितलं. आईकलं की निघंल गाडी घिऊन, तसाच. ह्या हायवेवर ट्रक कसे पळत्यात, रोज बघतोय म्या दुकानात बसून." मग गॉगल माझ्या हातात देत म्हणाले, "उतरल्यावर सांगू. तवा नुसतं हसंल."

आकडा हळूहळू उतरला. अप्पा घरी आले. डॉक्टरांनी साधं जेवण आणि विश्रांती सांगितली होती. बायको मुगाची खिचडी करायची, दुपारी मी डबा पोचवायचो. माझं काम बरेच दिवस तुंबलं होतं, म्हणून उंबऱ्याशी डबा ठेवायचा, तब्येत विचारायची आणि निघायचं. संध्याकाळी डबा जवळजवळ भरलेला परत यायचा. बायकोला वाटलं मीठ कमी पडतंय. तिनं मीठ घातलं, मग जिऱ्याची फोडणी दिली, मग ताक पाठवलं. डबा तसाच.

"विचारून तरी या," ती म्हणाली.

त्या दुपारी मी आत गेलो. अप्पा जमिनीवर चटई टाकून बसले होते. वजन उतरल्यानं सदरा अंगावर मोठा झाला होता. मी डबा ठेवला आणि म्हटलं, "खिचडी आवडत नाही का? दुसरं काही करायला सांगू?"

"चांगली हाय की. वैनीच्या हाताला चव हाय."

"मग?"

ते भिंतीला धरून उठले, आत गेले, दोन ताटल्या घेऊन आले. एक माझ्यापुढं ठेवली.

"डबा ठिवून जाऊ नगा," ते म्हणाले. "कुंडरी," त्यांच्या तोंडून घरचं कन्नड निघालं. "जरा बसा. एकट्याला घास उतरत न्हाय हो."

मी घरून पोटभर जेवून निघालो होतो. मी बसलो. अप्पांनी खिचडी वाढली, माझ्या ताटलीत जास्त, आणि गल्लीत काय चाललंय ते विचारायला लागले. मी सांगत गेलो, ते जेवत गेले. डबा रिकामा झाला तसा त्यांनी तो स्वतः विसळून माझ्या हातात दिला.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला बसलो तर माझं ताट वाढलेलंच नव्हतं. ओट्यावर नेहमीच्या डब्याऐवजी मोठा डबा भरून ठेवला होता, दोघांना पुरेल असा.