डावीकडचा बाण

"उद्या याच टेबलावर मला नव्वद माणसांचं खाणं कापायचंय, आणि तू इथे रंगकाम काढून बसलायस?" बर्नादेतने दारातूनच नवऱ्यावर आवाज चढवला.

झेर्वेने मान वर केली नाही. जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात धरून तो पुठ्ठ्याच्या बाणांना पिवळा रंग देत होता. जूनमधल्या एका रविवारी गावच्या सायकल क्लबची सफर सेले नदीच्या खोऱ्यातून निघे आणि तिचे बाण लावायचं काम झेर्वेचं. ते त्याच्याकडे कधी आलं, हे आता क्लबात कोणालाच आठवत नव्हतं. एके काळी तो सफरीत सगळ्यांच्या पुढे असायचा. मग हळूहळू मधे आला, गुडघे कुरकुरायला लागल्यावर मागे पडला आणि शेवटी सायकल भिंतीला लागली. उरले ते बाण.

यंदा तेही जायची वेळ आली होती. क्लबची नवी अध्यक्ष सोलेन ही दातांची डॉक्टर. बोलायला गोड, पण उपटायचं ते उपटणारी.

"झेर्वेकाका, आता प्रत्येकाच्या हँडलवर फोन असतो," ती म्हणाली होती. "रस्ता फोनच सांगतो. हे खिळे, पुठ्ठे कशाला?"

"तुझा फोन वाटेत थांबून कोणाला 'कसं काय' विचारतो का?"

"त्याची काय गरज?"

  झेर्वेचा चेहरा इतका उतरला की सोलेनलाच कसंसं झालं. "बरं, एवढं एक वर्ष लावा. कोणी चुकलं नाही, तर पुढचं पुढे बघू. चुकलं, तर मात्र बाण बंद."

तेव्हा शनिवारी दुपारी हातोडी आणि बाण घेऊन झेर्वे असा निघाला, जणू लग्नाच्या वरातीत पुढे चालायचंय. पण या खोऱ्याची एक रीत आहे. भिंत ज्याची, त्याला विचारल्याशिवाय तिच्यावर खिळा ठोकायचा नाही. विचारायला गेलं की तो बसवून घेतो. बसलं की घरी केलेली अक्रोडाची वाइन येते. आणि ती नको म्हटली, तर पुढच्या वर्षी भिंत मिळत नाही. झेर्वेने आजवर एकही भिंत गमावली नव्हती.

पहिल्या गोठ्यापाशी अर्धा पेला झाला. दुसऱ्या गोठ्यापाशी जुन्या सफरींचा विषय निघाला, म्हणून पूर्ण पेला. त्या काळी पाठीमागच्या खिशात पावाचा तुकडा आणि सॉसेज असे, ट्यूब पंक्चर झाली की नदीत बुडवून बुडबुडे शोधायचे, आणि घाटात जो मागे राहील त्याला ढकलायला दोघंतिघं खाली येत. ती माणसं आता कुठे आहेत, असं एकाने विचारलं आणि त्यातल्या अर्ध्यांची नावं गावच्या दफनभूमीत निघाली. मग त्यांच्या नावानेही एकेक पेला झाला. माणुसकी म्हणून काही आहे की नाही?

कपडे धुण्याच्या जुन्या दगडी हौदापाशी रस्त्याला फाटा फुटतो. उजवीकडे उतार, गिरणीचा पूल आणि तिथे सफरीसाठी बर्नादेतचं खाण्याचं टेबल. डावीकडे छातीवर येणारा चढ, आणि वर पठारावर आर्लेतचं बंद पडलेलं हॉटेल. शेवटचा बाण झेर्वेने तिथे ठोकला, लांब जाऊन एक डोळा मिटून पाहिला आणि गाणं म्हणत घरी आला.

"बाण लावलेस की नुसता प्यायलास?" बर्नादेतने विचारलं.

"दोन्ही कामं चोख."

रविवारी सकाळी गिरणीच्या पुलाशी पांढरी चादर अंथरलेलं टेबल सजलं. मांसाच्या वाटणाचं पाटे, चीज, पाव, खरबुजाच्या फोडी, लाल वाइन. नवराबायको रस्त्याकडे डोळे लावून बसली. पहिला सायकलवाला यायची वेळ झाली. ती टळली. खरबुजावर माशा आल्या. दरीत फोन लागत नाही, त्यामुळे विचारायचं कोणाला?

"चढ जास्त झाला असेल," झेर्वे म्हणाला.

"इथवर चढच नाही."

 तेवढ्यात पाववाल्याची गाडी पुलावर येऊन थांबली. "तुम्ही इथे काय करताय?" पाववाल्याने खिडकीतून डोकं काढलं. "सगळी सफर वर आर्लेतच्या अंगणात बसलीय की!"

आर्लेतचं नाव निघालं आणि बर्नादेतने नवऱ्याकडे असं पाहिलं की पाववाल्याने घाईने गाडी सुरू केली. गोष्ट जुनी होती. आर्लेतच्या बापाचं हॉटेल चालू होतं, तेव्हा खोऱ्यातली यच्चयावत तरुण पोरं तहान नसतानाही तो चढ चढत. झेर्वे तर आठवड्यातून दोनदा. लग्न तो आर्लेतशीच करणार, असं सगळी दरी म्हणत होती. प्रत्यक्षात आर्लेतने एका गवंड्याशी केलं आणि झेर्वेने बर्नादेतशी. काहीच घडलं नव्हतं. त्या न घडलेल्या गोष्टीबद्दल बर्नादेतने त्याला केव्हाच माफ केलं होतं आणि दर वर्षी तिची आठवण करून देत होती.

"अक्रोडाची वाइन होय!" चीज टोपलीत कोंबत ती म्हणाली. "पोटात वाइन गेली की हात बरोबर जुन्या वाटेला लागतो!"

"अगं, मी उजवीकडेच लावला होता."

"आठवतंय तुला?"

झेर्वेने खूप आठवून पाहिलं. मिटलेला डोळा आठवत होता. उघड्या डोळ्याला काय दिसलं, ते मात्र काही केल्या आठवेना. खाणं भरलेली त्यांची व्हॅन फाट्याशी आली, तेव्हा हौदाच्या भिंतीवरचा पिवळा बाण ठसठशीत डावीकडे बघत होता. 

वर पोचल्यावर त्याला काही क्षण कळेना की आपण कोणत्या वर्षात आलोय. गवंडी गेल्यापासून बंद असलेल्या हॉटेलच्या निळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. भिंतीला सायकली टेकलेल्या, लिंडनच्या झाडाच्या सावलीत घामेजलेली माणसं पाय पसरून बसलेली, आणि त्यांच्यामधून आर्लेत पेल्यांचा ट्रे घेऊन फिरत होती. पाठीला बाक आला होता, पण दारातून वळताना ट्रे उंच धरायची ढब तीच.  हे पुन्हा बघायला मिळेल असं झेर्वेला वाटलंच नव्हतं.

"झेर्वेकाका!" सोलेन लाललाल तोंडाने पुढे आली. "तो चढ चढताना माझा जीव जायचा बाकी राहिला! फोन सारखा ओरडत होता, मागे वळा, मागे वळा!"

"मग वळली का नाहीस?" बर्नादेतने विचारलं.

"समोर बाण होता ना!"

आर्लेतने झेर्वेपुढे सूपचा वाडगा ठेवला. त्याच्या नजरेला नजर काही दिली नाही. झेर्वेने चमचा तोंडात घातला आणि तो थबकला. लसूण, पांढरे घेवडे, बदकाची चरबी. हे घेवडे रात्रभर भिजवावे लागतात आणि सकाळभर शिजवावे लागतात. त्याने उघड्या दारातून आत चुलीकडे पाहिलं. पातेलं एका विधवेचं नव्हतं, पलटणीचं होतं. फडताळातले सगळे पेले धुऊन लखलखीत झाले होते. त्याने आर्लेतकडे पाहिलं. ती पोरीसारखी लाजली आणि घाईघाईने कोणाला तरी पाव द्यायला गेली.

म्हणजे बाण उजवीकडेच होता.

एवढं एक वाक्य बोललं असतं, तर त्याचे बाण वाचले असते आणि पुढच्या सगळ्या वर्षांची बर्नादेतची बोलणीही टळली असती. त्याने अंगणाकडे पाहिलं. कोणीतरी मोठ्याने हसत होतं, कोणीतरी आणखी सूप मागत होतं, आणि आर्लेत "आले रे आले!" म्हणत होती. झेर्वेने वाडगा खाली ठेवला.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "कालची वाइन. मलाच कळलं नाही."

बर्नादेतने हातातल्या सूपकडे पाहिलं आणि मग चुलीवरच्या पातेल्याकडे.

सोलेनने सुस्कारा टाकला. "मला वाईट वाटतंय, काका. मजा आली, सूप तर झकासच आहे. पण ठरलं म्हणजे ठरलं. पुढच्या वर्षीपासून बाण नाहीत. सगळा रस्ता फोनमध्ये. म्हणजे कोणाला चुकायला वावच नको."

झेर्वेने मान हलवली. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते जास्त लागलं. खिशातले उरलेले खिळे तो बोटांनी चाचपत राहिला.

तेवढ्यात मागे ट्रे आदळल्याचा आवाज झाला.

"नाही म्हणजे काय?" आर्लेत कमरेवर हात ठेवून उभी होती. "फोनमध्ये रस्ता टाकणार? आणि मग मी काय फिरवू?"

 सोलेनचा चमचा हवेतच राहिला. आर्लेतला आपण काय बोलून बसलो ते उशिरा कळलं. तिने पदरासारखं एप्रन तोंडाला लावलं.

पहिली हसली ती बर्नादेत. तिला हसू आवरेना, डोळ्यांत पाणी आलं, ती बाकावर बसली. "अगं बये," ती आर्लेतला म्हणाली, "हौदाची भिंत एवढी उंच! चढलीस कशी?"

"स्टूल नेलं होतं," एप्रनच्या आडून उत्तर आलं.

झेर्वेने सोलेनकडे पाहिलं. सोलेनने आपल्या फोनकडे पाहिलं. तो अजूनही मागे वळा म्हणत होता. तिने तो बंद केला आणि वाडगा पुढे केला.

"बाण राहतील," ती म्हणाली. "पण आर्लेतकाकू, स्टूलवर चढायचं नाही. पडलात तर पुढच्या वर्षी सूप कोण करेल?"

"मग बाण फिरवायचा कोणी?" आर्लेतने काळजीने विचारलं.

"मी नेईन हिला व्हॅनमधून," बर्नादेत डोळे पुसत म्हणाली. "स्टूल मी धरते."