कालिनाच्या लग्नाचं थिनर

आमच्या घरात यापुढे एकही घातक वस्तू राहणार नाही, असं मी जेवणाच्या टेबलावर जाहीर करून टाकलं. माझी लेक कालिना रांगायला लागली होती, हाताला लागेल ते तोंडात घालत होती, आणि आमचं तळघर म्हणजे विषांची जत्रा. फुगलेल्या बॅटऱ्या, पाऱ्याचा थर्मामीटर, उंदरांचं औषध.

"घरात घातक एकच आहे," सासरे स्तामेन सूप भुरकत म्हणाले, "पुस्तकं वाचून आलेली सून."

मी लक्ष दिलं नाही. शनिवारी असला कचरा गोळा करणारी गाडी चौकात येणार होती.

खरा वैताग बाटल्यांचा. आमच्या बल्गेरियातल्या प्लॉवदिवमध्ये पाण्याची रिकामी बाटली कुणी फेकत नाही. तीत थिनर भरतात, रॉकेल भरतात, घरी गाळलेली राकिया, म्हणजे द्राक्षांची दारूही भरतात, आणि वर चिठ्ठी लावायची म्हटलं की इथल्या पुरुषांचा अपमान होतो. पण मी कॉलेजात केमिस्ट्री शिकलेली. प्रत्येक बाटली हुंगली. नाकात झणका बसला की थिनर. सगळ्यांचाच बसला. सगळ्या गाडीवर देऊन आले. एक तेवढी ठेवली, कारण कालिनाच्या खुर्चीला रोगण लावत होते आणि ब्रश धुवायचा होता. नवं आणण्यापेक्षा आहे ते संपवावं, हे माझं तत्त्व.

दुपारी सासरे तळघरातून वर आले ते पांढरेफटक होऊन.

"सूनबाई, कालिनाची राकिया कुठाय?"

"कालिनाची? बाबा, तिला धड दातही नाहीत."

"तिच्या लग्नाची गं. ती जन्मली त्या वर्षीची द्राक्षं, स्वतः भट्टीपाशी बसून गाळलेली."

"लग्नाची राकिया पाण्याच्या बाटल्यांत ठेवतात?"

"मग काय पाटी लावून ठेवू? तुझा नवरा लग्नापर्यंत थांबला असता?"

आम्ही चौकात धावलो. गाडीवरचा मेतोदी जागचा हललाही नाही. "घेतलेला घातक कचरा परत देत नाही. नियम आहे."

"कचरा? माझ्या नातीचं लग्न आहे ते," सासरे कडाडले.

मेतोदीनं उसासा टाकून टेबलाखालचा क्रेट पायानं पुढे सरकवला. "सकाळपासून सुनाच येताहेत. घ्या ओळखून."

सासरे एकेक बाटली हलवून उजेडात धरू लागले. चांगली राकिया हलवली की बुडबुड्यांची माळ गळ्याशी टिकते. थिनरचे बुडबुडे फटकन फुटतात. रांगेतले म्हातारे मुलगी बघायला आल्यासारखे माना डोलावत होते.

"एक कमी आहे," सासरे म्हणाले. "प्यायलास ना?"

"कामावर मी ताक पितो, आजोबा."

मग मात्र माझा तोल गेला. आम्ही विश्वासानं विष आणून द्यायचं आणि तुम्ही त्यातलं चांगलं निवडून प्यायचं? एका तान्ह्या मुलीच्या लग्नावर डल्ला? मेतोदीनं मुकाट्यानं आपली ताकाची बाटली पुढे केली. मी तीही हुंगली. ताकच होतं. तरी मी "बघून घेईन" म्हणालेच.

घरी येऊन त्याच रागात खुर्ची पुरी केली आणि ठेवलेल्या थिनरमध्ये ब्रश धुतला. इतका स्वच्छ ब्रश आयुष्यात पाहिला नव्हता. तळाशी बोटभर उरलं होतं, म्हणून बाटली जरा हलवली.

गळ्याशी सुंदर माळ उभी राहिली. फुटेचना.

"त्या मेतोदीची तक्रार करायलाच हवी," आतून सासरे म्हणाले.

"जाऊ द्या, बाबा," मी ब्रश पाठीमागे लपवत म्हणाले, "गरीब माणूस आहे."