इंग्लिश रडणं

माझे वडील गेले त्या सकाळी गल्लीतल्या बायका ओसरीत मोठ्याने रडत होत्या आणि मी कोपऱ्यात रुमाल तोंडावर धरून बसलो होतो. शेजारचे जिभाऊ आले, तिरडीचे बांबू भिंतीला टेकवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मास्तर, हाई काय इंग्लिश रडनं शे? बाप तुन्हा व्हता ना? गळा मोकळा कर!"

मी शाळेत इंग्रजीच शिकवतो. टोमणा दोन्हीकडून बसला.

आपण इंग्लिश बोलतो, झाडतो, फाडतो. जिभाऊ तो शब्द शिक्क्यासारखा मारतात. पिंजऱ्यातली पांढरी कोंबडी इंग्लिश. वास नसलेली कोथिंबीर इंग्लिश. पाया न पडता हात पुढे करणारा जावई इंग्लिश. सुरतेहून सुटीला आलेला नातू विचारलेल्या प्रश्नाला नुसती मान हलवून मोबाइलकडे वळला, तर म्हणाले, "तो इंग्लिश मीडियमना शे. त्याले आते दोन्ही भाषा येत नही."

मी एकदा व्याख्या विचारली.

"वरतून गोरं, अन् आत काय शे ते कळत नही, ते इंग्लिश," असं म्हणून त्यांनी माझ्या चष्म्याकडे पाहिलं.

अपवाद एकच, बाटलीतली इंग्लिश. गुजरातच्या हद्दीतल्या पाहुण्यांना जिभाऊंची आठवण फार येते. ते आले की जिभाऊ देशीला नाक मुरडून इंग्लिश मागवायचे. तिच्या आत काय आहे हे त्यांना बरोबर कळायचं.

त्यांच्या बायकोचे, सुमनवहिनींचे, दोन्ही गुडघे गेले होते. नंदुरबारच्या डॉक्टरांनी सांगितलं, उकिडवं बसायचं नाही, घरात इंग्लिश संडास बसवा. सुरतेतला मुलगा खर्च करायला तयार होता. जिभाऊ अडून बसले. "खुर्चीवर बठनं? तठे काय कचेरी भरावनी शे?" आमच्या रनाळे गावात पारावर बसून ते हा किस्सा स्वतःच सांगायचे, आणि लोक हसायचे. आमची न्हाणी आणि त्यांचं घर यांच्यात एकच भिंत. परसातून परतलेल्या वहिनी त्या भिंतीला धरून चालायच्या. "ओ माय वं" मला रोज ऐकू यायचं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

एका संध्याकाळी अंगणात पाहुणे बसले होते. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बाटली तुमले इंग्लिश चालस. मंग मन्हाच गुडघा गावठी का बरं?"

पाहुणे आपापल्या ग्लासात बघू लागले. जिभाऊंनी त्या दिवशी बाटली अर्धी सोडली.

त्याच आठवड्यात ते टेम्पोतून उतरले ते गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी पोटाशी धरून. पारावरच्यांनी ओळखलंच. "जिभाऊ, सिंहासन आनं का?"

"तुन्हा सासरानं डोकं शे!" म्हणत जिभाऊ चालत राहिले.

गवंड्याच्या मागे उभं राहून त्यांनी ते घरात, आमच्या न्हाणीच्या भिंतीलगत बसवून घेतलं. दोन्ही बाजूंना धरायला लोखंडी दांडे लावले. मग रोज सकाळी वहिनी आत आणि जिभाऊ दाराबाहेर. "दांडा धरी ठेव. पाय जपी टाक. वं, बोल ना काही!"

"तुम्ही आधी तठून हला हो! सगळी गल्ली ऐकी ऱ्हायनी!"

स्वतः मात्र ते परसातल्या जुन्या संडासातच जात राहिले. "मी गावठी शे."

या हिवाळ्यात वहिनी झोपेतच गेल्या. गल्ली रडली. मीही रडलो, रुमालातच. माझी आई फार लवकर गेली. तापात माझ्या उशाशी बसायच्या त्या वहिनीच. जिभाऊ मात्र कोरडे. लाकडं ओली आहेत म्हणून ओरडले, आलेल्यांना चहा विचारला, मडकं नीट धरलं नाही म्हणून मुलाला झापलं. बायका कुजबुजल्या, "याना डोयामा पानी नही वं." त्यांचा टोमणा त्यांनाच परत करावा, असं मलाही वाटलं. ओठांपर्यंत आला होता.

घरात आता जिभाऊ एकटे. सकाळी अजूनही परसातच जातात.

परवा दुपारी गल्ली निजलेली होती. मी न्हाणीत कपडे भिजवत होतो. भिंतीपलीकडे कडी लागली, आणि लगेच फ्लशचा आवाज झाला. मी थबकलो. तिथे जाणारं कोण उरलंय?

पाणी धो धो वाहिलं, मग ओसरत गेलं, आणि त्याच्या खालून एक हुंदका उघडा पडला. तो दाबायला जिभाऊंनी घाईनं पुन्हा बटण दाबलं. टाकी भरली नव्हती. बटण नुसतंच खडखडलं.

मी आमच्या न्हाणीतला नळ पूर्ण सोडला.