शिल्लक नवऱ्याची टक्केवारी

लग्न कागदावर मोडते, शरीरात मात्र ते चालूच राहते. आणि जे चालू आहे त्याची कुठेतरी नोंद हवी, हे कोणतीही सुजाण व्यवस्था मान्य करील. म्हणूनच विभक्तांसाठी समायोजन कक्ष उघडण्यात आला. माणसाने जे सोसले त्याच्या रासायनिक खुणा त्याच्या जनुकांवर बसतात, असे शास्त्र म्हणते. (शास्त्र आणखीही बरेच म्हणते, पण कक्षाने तेवढेच वाचले.) गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, खुणा मोजायच्या आणि जोडीदार अंगात किती टक्के शिल्लक आहे ते छापून द्यायचे. ज्याच्यात कमी शिल्लक, तो सावरलेला. मूल सावरलेल्याकडे.

दातांच्या कवळ्या घडवणाऱ्या एका बाईचा आकडा एकेचाळीस आला. घटस्फोटाला दीड वर्ष झाले होते, सात वर्षांची मुलगी तिच्यापाशी होती आणि आपण सावरलो असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. अहवालात तपशील होता. पलंगावरचा ओला टॉवेल, नऊ टक्के. ‘तू म्हणशील तसं’ हे वाक्य, सतरा. सासूबाईंचे फोन, सहा. उरलेले नऊ टक्के ‘प्रेम किंवा तत्सम’.

“अहो, मी तर त्यांचं नावसुद्धा काढत नाही,” ती खिडकीतल्या कारकुनाला म्हणाली.

“तिथंच चुकतं, बाई. मनात ठेवलं की खुणा वाढतात.”

“मग काढू का नाव?”

“काढलं तरी वाढतात.” कारकून स्वभावाने चांगला होता.

फेरतपासणीला महिना मिळाला. बाई हट्टाला पेटली. तिने टॉवेल बदलले, पलंगाची दिशा फिरवली, फोन बंद ठेवला. “एकदा मनसोक्त रडून घे, मोकळी होशील,” असे थोरल्या बहिणीने सुचवले, म्हणून तेही केले. आकडा सेहेचाळीस आला. (रडण्याचे पाच वेगळे धरतात.)

माजी नवऱ्याचा आकडा शून्य आला. कक्षात आनंदीआनंद झाला. तज्ज्ञांनी खोलात जाऊन पाहिले, तेव्हा बारा वर्षांच्या संसाराची एकही खूण त्याच्यावर उमटलेली नव्हती. घटस्फोट झाल्याचे त्याच्या लक्षात तिसऱ्या आठवड्यात आले होते, तेही इस्त्रीचे शर्ट संपले तेव्हा. इतका सुदृढ माणूस कक्षाने पाहिला नव्हता; त्याचा फोटो प्रतीक्षागृहात लावण्यात आला.

मुलगी सोपवायच्या दिवशी बाईने बॅग तीनदा भरली. “पुढचा दात हलतोय तिचा. सफरचंद चिरून द्या, आणि दात पडला तर घाबरते, जवळ घ्या,” ती म्हणाली. हे सारे तिच्याच विरुद्ध जात होते, हे तिला कळत होते, तरी तिला राहवले नाही.

माजी नवरा फाइलवर सही करता करता थांबला.

“कितवीत आहे ही?”

“दुसरीत,” कारकुनाने फाइल बघून सांगितले.

मुलगी आईचा हात सोडेना. नियमाप्रमाणे तिचाही नमुना घेतला, पण तिच्यातल्या आईचा आकडा यंत्रात मावला नाही, म्हणून तो विचारात घेतला गेला नाही.

वाचकहो, आपण हसत हसत इथवर आला असाल, तर आपल्याला कापसाच्या बोळ्याचीही गरज नाही. खिडकी क्रमांक तीनवर या. सावरलेली माणसे कक्षाला कमी पडत आहेत, आणि मुले पुष्कळ आहेत.