नानाभाऊंचे जावईबापू

आमच्या शेजारचे नानाभाऊ आपल्या उजव्या पायाच्या अंगठ्याला 'जावईबापू' म्हणतात. सकाळी फाटकाशी उभं राहून "आले बाप्पा आमचे जावईबापू!" असं ओरडले, की समजायचं, अंगठा पुन्हा टम्म सुजलाय. "पाह्य ना लेका," ते मला समजावतात, "न सांगता येते, जरासा धक्का लागला का रुसते, अन् जाय म्हनता येत नाही. मंग जावई नाही तं कोन?" हे ते खऱ्या जावयासमोरही म्हणतात. तो बिचारा खाली बघून चहा पितो.

या दुखण्याचं डॉक्टरी नाव गाऊट. रक्तातलं यूरिक ॲसिड वाढलं की ते सांध्यात ठाण मांडून बसतं. त्यावरची गोळी नानाभाऊ आमच्या अकोल्यातल्याच डॉक्टरांकडून घेतात. ब्लडप्रेशरची गोळी मात्र अमरावतीच्या डॉक्टरांची. ते त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. आमच्या जठारपेठेतून बाहेर पडलं की पावलापावलावर दवाखाना आहे, पण नाही! महिन्यातून एका गुरुवारी हा माणूस अमरावती गाठणार म्हणजे गाठणारच.

त्या दिवशीचा थाट बघण्यासारखा असतो. दाढी, इस्त्रीचा सदरा, कानात अत्तराचा फाया आणि हातात काकूंनी भरलेला डबा. डब्यात ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. "डबा कोणाला?" विचारलं तर म्हणतात, "कंपाउंडरले. गरीब हाये बिचारा." ब्लडप्रेशर मोजायला अत्तर लावून जाणारा दुसरा पेशंट मी पाहिलेला नाही.

नानाभाऊंची हयात जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात गेली. चिमूट घ्यायची, ओढायची आणि निकाल द्यायचा. ती चिमूट अजून सुटलेली नाही. माझ्या नव्या शर्टाची बाही, काकूंच्या पोळीचा पापुद्रा, सगळ्याला चिमूट लागते. "माल बरा हाये" ही त्यांची सर्वोच्च पदवी. आमच्या लग्नानंतर बायकोला ती चिमटा न घेता मिळाली, हे आमचं नशीब.

यंदा जावईबापूंचं येणं फार वाढलं. काकूंनी मटण बंद केलं. मग तुरीचं वरण बंद केलं. वऱ्हाडी माणसाचं वरण बंद करणं म्हणजे शिक्षाच. "यायले सांगून सांगून थकली मी," काकू म्हणाल्या, "पन अंगठा काही आयकत नाही." शेवटी मीच त्यांना गाडीत घालून अकोल्याच्या डॉक्टरांकडे नेलं.

"दुसरी काही गोळी चालू आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही जी. आपलं काम सरळ हाये," नानाभाऊ म्हणाले. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी टेबलाखालून मला चिमटा काढला. आणि लगेच उठून लंगडत लघवीला गेले. आले, बसले, पुन्हा उठले. तिसऱ्यांदा उठल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"नाना, पाणी काढायची गोळी कोण देतं तुम्हाला?"

नानाभाऊ लाजले. मग हळूच म्हणाले, "एका घरी जेवून दुसऱ्या घरी भाजीचं नाव सांगू नये साहेब. तुमाले वाईट वाटलं असतं, अन् त्यायले बी."

डॉक्टर कपाळाला हात लावून हसले. मग त्यांनी समजावलं. ती गोळी अंगातलं पाणी काढते, प्रेशर उतरवते, पण यूरिक ॲसिड आतच अडवून ठेवते. "मी इकडून उपसतोय आणि तिकडून भरणं चालू आहे. पण मनानं बंद करू नका हं." त्यांनी तिथूनच अमरावतीच्या डॉक्टरांना फोन लावला. दोघांचं ठरलं, प्रेशरची दुसरी गोळी सुरू करायची. "आणि प्रेशर इथंच दाखवत जा. दर महिन्याला अमरावतीची दगदग कशाला?"

मला वाटलं, म्हातारा खूश होईल. पण तो गाडीच्या सीटला चिमूट लावत बसला. घराजवळ आल्यावर म्हणाला, "गुरुवारी एकडाव नेजो मले. सांगून तं या लागन."

गुरुवारी आम्ही गेलो. पुन्हा तोच सदरा, तेच अत्तर, तोच डबा. दवाखान्यातलं बाकडं गच्च भरलेलं, पण भिंतीकडची एक जागा रिकामी होती आणि तिच्यावर कोणीतरी खांद्यावरचा दुपट्टा ठेवला होता. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने नानाभाऊंना पाहून तो मुकाट्याने उचलला. नाक तेच, भुवया त्याच. हे बाबुराव, नानाभाऊंचे सख्खे थोरले भाऊ. बाबुरावांच्या पोराच्या लग्नपत्रिकेत नानाभाऊंचं नाव मुलाच्या मामाच्या खाली छापलं गेलं, तेव्हापासून दोघांची बोलचाल बंद. नानाभाऊंनी अक्षता टाकल्या आणि न जेवता परतले, ही गोष्ट आमच्या गल्लीला पाठ आहे. हे दोघे इथे दर महिन्याला शेजारी बसतात, ते मात्र काकूंनाही माहीत नव्हतं.

नानाभाऊंनी डबा उघडून दोघांच्या मधे ठेवला. बाबुरावांनी भाकरी मोडली. कंपाउंडर लांबूनच बघत होता. त्याच्या वाट्याला आजवर वासच आला असावा.

"कंपाउंडर," नानाभाऊ भिंतीकडे बघत म्हणाले, "सांगून द्या यायले. आमची इथली गोळी बंद झाली. आता काई आमी येत नाही."

बाबुरावांचा घास हातातच राहिला. त्यांनी कंपाउंडरकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. मग सरळ भावाकडे वळले.

"काहून येत नाही बे? माही गोळी तं मागच्या दिवाळीतच बंद झाली. मी येऊनच राहिलो ना?"

नानाभाऊंनी खाली मान घातली. मग हात पुढे करून दादाच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरली, ओढली आणि बराच वेळ सोडलीच नाही.

"माल बरा हाये दादा," ते म्हणाले. "येतो ना. पुढच्या गुरुवारी तुरीचं वरन आनतो."