मावशीला कसं खायचं?

हेडक्लार्कसाहेबांनी त्या रविवारी फक्त एवढंच ठरवलं होतं, की आज लेकीशी वाद घालायचा नाही. काय म्हणते ते मुकाट्याने ऐकून घ्यायचं, हो म्हणायचं आणि तिला जेवायला टेबलाशी आणून बसवायचं. बस.

रविवारी सकाळी साहेबांनी कोंबडी आणायची, बायकोने रस्सा करायचा आणि लेकीला उजव्या हाताला घेऊन तिघांनी जेवायचं, हा या घरचा शिरस्ता. (साहेब विमा कंपनीत होते. आठवडाभर लोकांचे क्लेम नामंजूर करून तोंडाची गेलेली चव या जेवणाने परत यायची.) पण लेक कॉलेजच्या कुठल्याशा शिबिराला गेली काय, आणि परत येऊन टेबलाशी उभी राहिली काय. "मी आता व्हीगन आहे," ती म्हणाली. "मांस नाही, अंडी नाही, दूधही नाही. आणि जिथे प्रेत मांडलंय तिथे मी जेवणार नाही." आपलं ताट उचलून ती खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

साहेबांच्या घशात घास अडकला. ज्याला ते इतकी वर्षं लेगपीस म्हणत होते, त्याला एकदम प्रेत? बायकोने पाठीत दोन धपाटे घातले तेव्हा कुठे घास उतरला, पण मनातला काही उतरला नाही. तेव्हापासून उजव्या हाताची खुर्ची रिकामी होती, आणि खरं सांगायचं तर साहेबांना कोंबडीचं दुःख नव्हतं, त्या खुर्चीचं होतं. लेक आपल्याशी एका टेबलाशी बसत नाही, ही गोष्ट त्यांच्या जिवाला लागली होती.

तर वाद घालायचा नाही असं ठरवून ते लेकीच्या दाराशी गेले आणि पहिल्याच वाक्याला वाद सुरू झाला.

"अगं, सगळेच काही कोंबड्यांना पिंजऱ्यात कोंबून ठेवत नाहीत. माळावर मोकळ्या सोडून, प्रेमाने वाढवणारे लोकही आहेत. आपण त्यांच्याकडून घेतलं नाही, तर त्यांचा धंदा बसेल आणि पिंजरेवाले तेवढे उरतील."

"प्रेमाने वाढवलं म्हणून मारायचा हक्क मिळतो?" दाराआडून आवाज आला. "मग बाबा, मलाही तुम्ही प्रेमानेच वाढवलंय."

साहेबांचा जन्म क्लेम खात्यात गेलेला. तोंडातून सवयीने निघून गेलं, "पुरावा देतो. कोंबडी कशी जगली ते डोळ्यांनी बघेन, आणि कशी गेली तेही शेजारी उभं राहून बघेन. मग तर बसशील?"

कडी निघाली. लेकीने दार किलकिलं केलं. "शेवटपर्यंत उभे राहाल? मग बसेन." (साहेब मुरलेले होते, पण आपणच घातलेली अट आपल्याच गळ्यात पडते, हे त्यांच्या ध्यानात दोन दिवसांनी यायचं होतं.)

दोन दिवसांनी साहेब लेकीला घेऊन अशाच मोकळ्या कोंबड्यांच्या एका फार्मवर गेले; तो गावाबाहेर होता. कोंबड्या हिरव्यागार गवतात ऐसपैस हिंडत होत्या, सावलीला झाडं, अंग घोळवायला मऊ माती. साहेब खूश झाले. फार्मवाल्या बाई गमबूट घालून सामोऱ्या आल्या.

"लोकांनी खाणं सोडलं तर या जन्मालाच येणार नाहीत," त्या म्हणाल्या. "एवढं चांगलं आयुष्य फुकट जाईल."

"जी जन्मालाच आली नाही, ती तक्रार करायला येत नाही," लेक म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे कौतुकाने बघितलं आणि साहेबांना म्हणाल्या, "आमची पद्धत माहीत आहे ना? इथे पिशवी हातात देत नाही. जो खाणार, त्याने कोंबडी स्वतः निवडायची. तिला नाव ठेवायचं. मांडीवर घेऊन बसायचं. आणि शेवटी तिच्या पाठीवर हात त्याचाच असला पाहिजे. ओळखीचा हात असला की ती घाबरत नाही."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "नाव कशाला?"

"जिचं नाव घ्यायला जड जातं, तिला खायला सोपं का जावं?"

एक तपकिरी कोंबडी मान तिरकी करून साहेबांच्या बुटापासून टकलापर्यंत सगळं तपासत होती. साहेबांची थोरली मावशी घरात शिरली की अशीच बघायची. त्यांच्या तोंडून "मावशी" निघालं आणि झालं, नाव पडलं. मावशी ऐटीत मांडीवर चढली, दोनदा गोल फिरली आणि डोळे मिटून गाढ झोपली. तिच्या छातीची धडधड साहेबांना पँटमधून लागत होती. इतकं ऊबदार काहीतरी मांडीवर झोपून त्यांना वर्षं झाली होती. लेक लहान असताना झोपायची तेवढीच.

"चला," बाई म्हणाल्या.

"आता लगेच? झोपलीय हो ती," साहेब म्हणाले, आणि आपण काय बोललो याचा त्यांना स्वतःलाच धक्का बसला.

संध्याकाळी बायकोने दार उघडलं तर नवरा उभा, काखेत जिवंत कोंबडी. "रश्श्याला आणायला गेला होतात ना?"

"ही मावशी," साहेब म्हणाले. "राहायला आलीय."

बायकोने वाटलेला मसाला फ्रिजमध्ये ठेवून दिला.

लेक मात्र विरघळेल, निदान त्या रात्री तरी टेबलाशी येईल, असं साहेबांना वाटलं. पण ती म्हणाली, "अट कुठे पुरी केलीत? उद्या दुकानातून दुसरी आणाल, बिननावाची." आणि कडी लागली. साहेब गॅलरीत मावशीशेजारी जाऊन बसले. त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

पुढे मावशीने साहेबांच्या इस्त्रीच्या शर्टांवर अंडं घातलं. साहेब ते उचलून तव्याकडे निघाले. "हे तर तिने आपणहून दिलंय. यात हिंसा कुठे आली?"

"दिलंय? तुम्हाला?" लेक वाट अडवून उभी. "विचारलंत तिला? अंडं तिचं आहे. परत ठेवा."

"ती काय करणार आहे त्याचं?"

"तिचा प्रश्न आहे."

वाद रंगात आला, तेव्हा अंडं जमिनीवर ठेवून दोघं तावातावाने हातवारे करत होती. मावशी शांतपणे चालत आली, चोच मारून अंडं फोडलं आणि पांढरं, पिवळं, वर थोडं कवच, सगळं चवीने फस्त केलं. या घरात अट्टल मांसाहारी कोण, याचा निकाल इतका उघड लागेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात फार्मवाल्या बाई येऊन थडकल्या. आपली कोंबडी कुठे नांदतेय हे त्या स्वतः जाऊन बघत. त्यांनी गॅलरीत ऊन किती येतं ते बघितलं, फरशी चाचपली, वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग ऐकलं, आणि मावशीला उचलून काखेत घेतलं.

"नाही चालणार. ऊन नाही, माती नाही, बरोबरीचं कुणी बोलायला नाही. असं कुठल्याही जिवाला ठेवू नये."

"अहो, पण मी राहतोय ना इथे!" साहेब कळवळले. "लग्न झाल्यापासून!"

बाई थांबल्या. त्यांनी साहेबांना पुढून बघितलं, मागून बघितलं, खालची पापणी ओढून डोळ्यात बघितलं, आणि बायकोला हळूच विचारलं, "यांना बाहेर कधी सोडता?"

"रविवारी," बायको म्हणाली. "कोंबडी आणायला."

"दिवसभर काय करतात?"

"ट्यूबलाइटखाली बसतात. दुसऱ्या बसलेल्यांच्या रांगेत."

बाई चुकचुकल्या. साहेबांनी तेवढ्यात विचारून घेतलं, "मावशीला आता...?"

"एकदा सुटलेली परत कापत नाही आम्ही. म्हातारी होईपर्यंत गवतात हिंडेल." आणि मावशी वळूनही न बघता निघून गेली.

त्या रात्री टेबलावर नुसता भात आणि उकडलेल्या भाज्या होत्या. कोंबडी आणायचं साहेबांच्या मनातही नव्हतं. ते खाली मान घालून बसले होते, तेवढ्यात खोलीची कडी निघाली. लेक आपलं ताट घेऊन आली आणि उजव्या हाताच्या खुर्चीवर बसली.

साहेबांना भरून आलं. "पटलं ना तुला? शेवटी मी नाहीच मारली तिला."

"त्याच्यासाठी नाही आले," लेक म्हणाली. तिचे डोळे खरोखरच पाणावले होते. "मावशीला न्यायला कुणीतरी आलं तरी, बाबा. तुम्हाला कोण नेणार?" आणि तिने आपल्या ताटातले मक्याचे दाणे त्यांच्या ताटात ओतले.

"पाणीही ठेव गं त्यांच्याजवळ," बायको म्हणाली.

हेडक्लार्कसाहेबांनी एकदा दोघींकडे बघितलं, मान तिरकी केली आणि निमूटपणे एकेक दाणा टिपायला लागले.