गुलाबकाकांच्या कंप्युटरात नितीन

कोणी पासवर्ड टाकायला लागलं, की गुलाबकाका तोंड भिंतीकडे फिरवतात. जानेफळात त्यांनी जन्मभर टपाल वाटलं, पण दुसऱ्याचं पोस्टकार्ड कधी वाचलं नाही. पालथं धरून हातात द्यायचे. "ज्याचं त्याच्याजवळ," हे त्यांचं पालुपद. काकू गेल्यापासून घरात काका आणि एक जुना कंप्युटर. मुलगा नितीन पुण्याला नोकरीत.

मी त्यांची शेजारीण, शाळेत कंप्युटर शिकवते. दिवाळीनंतर एका सकाळी काका एकाच पायात चप्पल घालून माझ्या दारात.

"बाई, माह्या कंप्युटरात नितीन येऊन बसला."

जाऊन पाहिलं, तर खरंच कोपऱ्यात नितीनचा फोटो. सुट्टीत त्यानं तिथं आपला मेल उघडला होता आणि ब्राउझरनं परस्पर त्याचं अख्खं खातंच आत घेतलं होतं. आता नितीन पुण्यात जे शोधायचा, ते इथं दिसायचं.

"ना त्यानं सांगतलं, ना म्या. मंग हे काऊन दार उघडून देते?" काका भिंतीशी बोलत होते. "काढ त्याले बाहेर. पोरगं काय पाह्यते, ते बापानं काऊन पाहावं?"

मी माउस धरला.

"थांब जरा." आवाज एकदम उतरला. "म्या चुकून वाचलं. 'ताप उतरत नसेल तर काय करावं.' अन् त्याच्याखाली, 'दवाखान्यात एकट्याला भरती होता येतं का.' काल फोनवर त म्हणे, मजेत हाओ."

"मग विचारा ना त्याला."

"कसं विचारू? त्याले वाटन, बाप खिडकीतून पाहून राह्यला."

कुठं दाबायचं ते विचारून काकांनी स्वतःच्या हातानं नितीनला बाहेर काढलं. फोटो गेला. रिकाम्या कोपऱ्याकडे ते थोडा वेळ पाहत राहिले. मग पिशवीत सदरा कोंबला, मला किल्ली दिली आणि मेहकरहून पुण्याची गाडी धरली.

दुसऱ्या दिवशी नितीनचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"ताई, बाबा अचानक आले. मले भरती केलं, उशाशीच बसून हायेत. त्याईले कसं कळलं?"

"ते काय म्हणतात?"

"म्हणतेत, लोणचं द्यायले आलो. पण पिशवीत लोणचं नाहीच ना, ताई."